घाटावर आलेली तारली

मासळीच्या तेलाच्या गोळ्या घ्याव्यात का, असा प्रश्न या सदराकडे येणाऱ्या पत्रांतून हल्ली वारंवार विचारला जातो. मंचरच्या एका वाचकांनी तर पत्राबरोबर गोळ्यांची रिकामी डबीच पाठवली आहे. डबीवर निळ्या समुद्रातून उडी मारणारा सॅल्मन मासा आहे आणि खाली ‘ओमेगा-३’ असे ठळक अक्षरात छापलेले आहे. प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर डबीत शोधण्याआधी बाजारात शोधावे असे मला वाटते. नारायणगाव, आळेफाटा, मंचर येथे आता बर्फातली समुद्राची मासळी मिळते. पापलेट, सुरमई यांच्या पाट्या पुढे मांडलेल्या असतात. त्यांच्या मागे किंवा अगदी कडेला वीतभर लांबीच्या, पाठीवर निळसर-हिरव्या आणि पोटाकडे चांदीसारख्या चमकणाऱ्या माशांचे वाटे लावलेले असतात. हीच तारली. डबीतल्या गोळ्यांत जी चरबी आहे ती या वाट्यात भरपूर आहे. पण आपल्याकडे तिच्याकडे फारसे कोणी वळत नाही. “ही कसली मासळी?” असे विचारले तर विकणाराही कधी तारली म्हणतो, कधी पेडवे, तर कधी नुसतेच ‘बारीक मासे’.

नावाचा हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात तारली किंवा तारले हे घरोघरचे नाव आहे. मंगळूरकडे तुळू बोलणारे लोक तिला बूताई म्हणतात, केरळात ती मत्ती किंवा चाळा होते. पुण्यातील एखाद्या केरळी खाणावळीत ‘मत्ती फ्राय’ मागवून आपण काहीतरी नवीन खाल्ले असे समजणारे लोक मला भेटले आहेत. इंग्रज मलबारात आले तेव्हा त्यांनी या माशाला ‘ऑइल सार्डिन’ म्हटले. म्हणजे तेलाचा सार्डिन. त्यांचे लक्ष कशाकडे होते ते या नावातच दिसते. एकोणिसाव्या शतकात मलबारच्या किनाऱ्यावर हे मासे मोठ्या कढयांत उकळून त्यांचे तेल काढले जाई. उरलेला चोथा नारळाच्या आणि कॉफीच्या बागांना खत म्हणून जाई. होड्यांच्या लाकडाला चोळायला आणि दिव्यात जाळायलाही माशाचे तेल वापरत. भारतातील माशांवर मोठे ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस डे हे मुळात मद्रास लष्करातील शल्यचिकित्सक, म्हणजे डॉक्टरच. त्यांचा मलबारच्या माशांवरील ग्रंथ १८६५ साली निघाला.

आता ‘सार्डिन’ हा शब्द. हा लॅटिनमधील ‘सार्डिना’पासून आला आणि लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून आला. इटलीच्या पश्चिमेला सार्डिनिया नावाचे मोठे बेट आहे, त्यावरून माशाला हे नाव पडले असे शब्दकोशांत सांगितलेले असते. मात्र काही भाषातज्ज्ञांनी यावर शंका घेतली आहे. ग्रीक लोकांत हा शब्द ॲरिस्टॉटलच्या काळापासून दिसतो आणि अथेन्सपासून ते बेट हजार किलोमीटरहून दूर आहे. इतक्या जुन्या काळी इतक्या लांबून मासे कशाला आणतील, असा त्यांचा प्रश्न आहे. मला स्वतःला बेटाची व्युत्पत्ती अगदीच अशक्य वाटत नाही. माल जिथून येतो त्याचे नाव त्याला चिकटते, आणि एकदा चिकटले की सुटत नाही. जुन्नरी कागद जुन्नरच्या बाहेरही त्याच नावाने ओळखला जाई. मंचरचा बटाटा म्हणून आपण जो ओळखतो त्याचे बियाणे पंजाबातून येते. तेव्हा बेटाचे नाव माशाला लागायला मासा त्याच बेटावरून यायला हवा असे नाही, त्या जातीचा माल त्या नावाने ओळखला गेला की पुरे.

शास्त्रीय नाव ‘सार्डिनेला लॉन्जिसेप्स’. ‘सार्डिनेला’ म्हणजे लहानगी सार्डिन आणि ‘लॉन्जिसेप्स’ म्हणजे लांब डोक्याची. हे नाव व्हॅलेंसिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८४७ साली दिले, आणि बाजारात ते उपयोगी पडते. तारलीचे डोके तिच्या अंगाच्या मानाने लांब असते, जवळजवळ तिसरा हिस्सा. पेडवे ही तिचीच भावंडे, पण त्यांचे डोके आखूड, अंग जास्त चपटे आणि तेल बहुधा कमी. खायला दोन्ही उत्तम. या एका नावावरून देशादेशांत भांडणही झाले आहे. युरोपातील देशांनी ‘सार्डिन’ हे नाव डब्यावर फक्त आपल्याकडच्या एका जातीलाच लावता येईल असा नियम केला होता. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली आणि २००२ साली निकाल पेरूच्या बाजूने लागला.

मग कोकणात इतकी ओळखीची असलेली ही मासळी जुन्नर-आंबेगावात अनोळखी का राहिली? घाट काही आडवा आला नाही. सातवाहनांच्या काळापासून कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटाने जुन्नरला चढत होता, जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण आजही तिथे उभा आहे. घाटाखालून मीठ आणि सुकी मासळी वर यावी, घाटावरचे धान्य खाली जावे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. म्हणूनच समुद्र न पाहिलेल्या आपल्या आज्यांनाही सुकट, बोंबील, वाकटी पारखता येत असे. पावसाळ्याची बेगमी म्हणून आजही घरोघर बोंबलाची जुडी टांगलेली असते. पण त्या बेगमीत तारली नसे, आणि त्याचे कारण तिच्या तेलात आहे.

बोंबलाच्या अंगात जवळजवळ नऊ-दशांश पाणी असते आणि चरबी नाममात्र. वलांडीवर उन्हात टांगला की पाणी उडून जाते आणि जे उरते ते वर्षभर टिकते. (जाता जाता, बोंबलाला इंग्रजीत ‘बॉम्बे डक’ म्हणतात ते ‘बॉम्बे डाक’ या मेलगाडीवरून, ही गोष्ट सांगायला गमतीची आहे. पण हे नाव आपल्याकडे १८५३ साली आगगाडी सुरू होण्याआधीच्या इंग्रजी लिखाणात सापडते, त्यामुळे ती खरी धरता येत नाही.) जवळ्याचेही तसेच. तारलीचे मात्र पाणी उडाले तरी तेल राहते. हे तेल नाजूक असते, हवा आणि ऊन लागले की चटकन खवट होते. पिवळी पडलेली, घशाला लागणारी सुकी तारली कोण विकत घेणार? किनाऱ्यावर ती खारवतात, वाळवतात, पण बराच माल कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्यासाठी जातो. ताजी आणायची तर बर्फ हवा आणि जलद वाहन हवे. ते आपल्याकडे अलीकडे आले. म्हणजे ज्या तेलामुळे ही मासळी आरोग्याला मोलाची, त्याच तेलामुळे ती इतकी वर्षे घाट चढू शकली नाही.

हे तेल मासा स्वतः तयार करत नाही. समुद्राच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती असतात, त्या ओमेगा-३ गटातील ईपीए आणि डीएचए ही मेदाम्ले बनवतात. तारली कल्ल्यांनी पाणी गाळून त्या खाते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी अशा खाद्याने समृद्ध होते आणि त्यावर पोसलेली तारली पावसाळ्यानंतर, साधारण दसरा-दिवाळीपासून पुढे, चांगली तेलकट होते. विणीच्या सुमारास तीच रोडावते. त्यामुळे तिच्यातील चरबीचे प्रमाण वर्षभरात दोन-चार टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांच्या वरपर्यंत बदलते. मोसमातली मध्यम आकाराची चार तारली खाल्ली तर ईपीए आणि डीएचए मिळून एक ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक पोटात जातात. नेहमीच्या एक हजार मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्षात ही द्रव्ये मिळून तीनशे मिलिग्रॅमच असतात, बाकीचे दुसरे तेल. डबीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात हे लिहिलेले असते, वाचक भिंग घेऊन पाहू शकतात.

याखेरीज तारलीत शंभर ग्रॅमला वीस ग्रॅमच्या जवळपास प्रथिने आहेत, ब-१२ जीवनसत्त्व आहे, ड जीवनसत्त्व आहे. काटे मऊ शिजवून खाल्ले तर कॅल्शियमही आहे. डिंभे, माणिकडोह, येडगाव या धरणांतली राहू, कटला, चिलापी ही मासळीही प्रथिनांसाठी चांगलीच, ती ताजी मिळते हा तिचा मोठा गुण. मात्र तिच्यात हे विशिष्ट तेल पुष्कळ कमी असते.

हृदयविकाराबाबत थोडे मोजून बोलले पाहिजे. १९७० च्या सुमारास बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी ग्रीनलँडमधील इन्यूइट लोकांच्या रक्ताचा अभ्यास केला आणि मासळीच्या तेलामुळे त्यांना हृदयविकार कमी होतो असा विचार मांडला. त्यातून मासळीच्या तेलाचा जगभर बोलबाला झाला. पुढे त्या निष्कर्षांच्या आधाराबद्दल शंका घेतल्या गेल्या. अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोज एक ग्रॅमच्या गोळीने हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. म्हणून धडधाकट माणसाने स्वतःच्या मनाने गोळ्या सुरू करण्यात मला अर्थ दिसत नाही. रक्तातील ट्रायग्लिसराइड्स फार वाढलेले असतील तर डॉक्टर ठरावीक मात्रेत ही औषधे देतात, ती गोष्ट वेगळी. आठवड्यातून दोनदा मासे खाण्याचा सल्ला मात्र टिकून आहे, कारण मासा ताटात येतो तेव्हा बहुधा त्याहून वाईट काहीतरी ताटातून बाहेर जाते.

इथवर तारलीची बाजू झाली. आता तिच्याबद्दलची सावधगिरी. आज मी लिहायला बसलो ते खरे तर त्यासाठीच, कारण कोकणातल्या माणसाला जे परंपरेने ठाऊक आहे ते आपल्याकडे अजून ठाऊक नाही.

तारली, बांगडा, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य नैसर्गिकरीत्याच जास्त असते. मासा मेल्यावर बर्फाविना राहिला तर काही जंतू त्या द्रव्यापासून हिस्टामिन तयार करतात. आपल्या अंगावर पित्त उठते तेव्हा शरीरात जे द्रव्य सुटते तेच हे. अशी मासळी खाल्ल्यावर काही मिनिटांत ते एक-दोन तासांत तोंड आणि मान लालबुंद होते, डोके ठणकते, अंगाला खाज सुटते, छातीत धडधडते, कधी उलटी-जुलाब होतात. पुष्कळदा खातानाच जिभेला मिऱ्यासारखी चरचर जाणवते. महत्त्वाची गोष्ट अशी की हिस्टामिन एकदा तयार झाले की ते उकळून जात नाही, तळून जात नाही आणि फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. मसाला कितीही जळजळीत घातला तरी उपयोग नाही. वासावरूनही ते दरवेळी कळत नाही.

माझ्या दवाखान्यात असे रुग्ण वर्षातून काही वेळा येतात आणि बहुतेक वेळा उन्हाळ्यात. एकाच घरातली तीन-चार माणसे एकदम लाल चेहऱ्याने आली की निदानाला वेळ लागत नाही. ॲलर्जी एकट्याला होते, सगळ्या पंगतीला होत नाही. या रुग्णांना साध्या ॲलर्जीच्या औषधाने काही तासांत बरे वाटते. मात्र दमेकरी आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी वेळ न घालवता दवाखाना गाठावा, आणि श्वास लागला किंवा चक्कर आली तर कोणीही घरी थांबू नये. अडचण पुढे होते. “मला मासळी बाधते” असा शिक्का बसतो आणि माणूस आयुष्यभर मासे सोडतो. दोष माशाचा नसून न घातलेल्या बर्फाचा असतो.

याहून गंभीर गोष्ट क्षयरोगाच्या रुग्णांची आहे. क्षयाच्या नेहमीच्या उपचारात आयसोनियाझिड हे औषध असतेच. शरीरात हिस्टामिन मोडून टाकणारी जी यंत्रणा आहे तिला हे औषध अडवते. त्यामुळे इतरांना बाधणार नाही एवढे हिस्टामिनही या रुग्णांना बाधू शकते. आमच्या भागातील एका तरुण शेतमजुराला गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले होते. खोकला थांबला होता, वजन वाढत होते. एका संध्याकाळी बाजारातून स्वस्तात आणलेले बांगडे खाल्ल्यावर तोंड लाल झाले, डोके फुटेल असे दुखू लागले. घरच्यांनी ठरवले की गोळ्या उष्ण पडल्या. गोळ्या बंद झाल्या. पाच आठवड्यांनी खोकला परत घेऊनच तो माझ्याकडे आला. तपासणी आणि उपचार पुन्हा मार्गी लावले, त्याचे नशीब चांगले की जंतूंनी औषधाला दाद देणे सोडलेले नव्हते. अर्धवट सोडलेला क्षयाचा उपचार काय करतो हे मी वेगळे सांगायला नको. तेव्हा घरात कोणाच्या क्षयाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांना तारली, बांगडा, कुपा आणि सुकी-खारी मासळी उपचार संपेपर्यंत देऊ नका. अंड्यांनी, डाळींनी, धरणाच्या ताज्या माशांनी त्यांचे पोषण होईल. चुकून त्रास झालाच तर काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगा आणि गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

तारली विकत घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. मासे बर्फात पुरलेले हवेत, बर्फाच्या शेजारी मांडलेले नव्हेत. डोळे फुगीर व स्वच्छ, कल्ले लाल, अंग ताठ हवे. तारलीचे पोट फार लवकर फुटते, फुटलेल्या पोटाची तारली घेऊ नये. सकाळी घ्यावी. संध्याकाळी बर्फ वितळल्यावर ढीग अर्ध्या किमतीत मिळतो. तो मोह टाळावा, कारण मी पाहिलेले बहुतेक रुग्ण त्या ढिगाचेच गिऱ्हाईक होते. बाजारातून घर लांब असेल, आणि आपल्याकडे ते असतेच, तर विकणाऱ्याकडून पिशवीत मूठभर नव्हे, माशांइतकाच बर्फ मागून घ्यावा. एस.टी.च्या खिडकीत उन्हात ठेवलेली मासळीची पिशवी दोन तासांत काय होते, याचा विचार करावा. घरी आल्यावर लगेच साफ करून त्याच दिवशी शिजवावी. खाताना जीभ चरचरली तर कालवण टाकून द्यावे, पैसे गेल्याचे दुःख करू नये. विक्रेत्यांनाही माझी विनंती आहे की माल पुण्याहून येवो वा माळशेज घाटातून येवो, बर्फाची काटकसर करू नये.

शिजवण्याबाबत गोमंतकीयांकडून शिकण्यासारखे आहे. ते तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशाला कोकम आणि तिरफळ लावतात, त्याने तेलाचा उग्रपणा जातो. तिरफळ आपल्याकडे सहज मिळत नाही, पण चिंच, आले-लसूण आणि थोडा काळा मसाला यांवर बाजरीच्या भाकरीबरोबर उत्तम कालवण होते. खूप तेलात तळली तर माशातले चांगले तेल बाहेर जाते आणि कढईतले आत येते. तव्यावर जेमतेम तेलात भाजावी. लहान मुलांसाठी कुकरमध्ये चिंचेच्या पाण्यात जास्त वेळ शिजवावी म्हणजे काटे बोटांनी चुरता येतात. तरी मोठा मणका काढूनच द्यावा. गरोदर स्त्रियांनी ताजी आणि नीट शिजवलेली तारली जरूर खावी. लहान, थोडे आयुष्य असणाऱ्या माशांत पाऱ्यासारखी विषारी द्रव्ये मोठ्या शिकारी माशांपेक्षा कमी साठतात.

संधिवाताचा यूरिक ॲसिड वाढून होणारा प्रकार ज्यांना आहे, अंगठ्याचा सांधा रात्रीतून सुजतो असे रुग्ण, त्यांनी तारली टाळलेली बरी. रक्तदाबाच्या रुग्णांना ताजी चालते, खारी चालत नाही. त्यांनी सुके बोंबील खायचेच असतील तर दोन-तीन पाण्यांतून भिजवून मीठ काढावे आणि कालवणात वरून मीठ घालू नये. पावसाळ्यात दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ‘आजचीच ताजी’ म्हणून मिळणाऱ्या समुद्राच्या मासळीकडे जरा संशयाने पाहावे. भावही सारखा राहत नाही. केरळात २०१२ साली तारली सुमारे ३ लाख ९० हजार टन मिळाली होती आणि २०२१ साली जेमतेम ३,२९७ टन. अशी समुद्राची चढउतार तारलीच्या बाबतीत जुनीच आहे.

माळकरी आणि शाकाहारी वाचकांनीही ओमेगा-३ बद्दल विचारले आहे. त्यांच्यासाठी जवस आहे. जवसातील ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि शरीर त्याचा थोडाच भाग माशातल्या प्रकारात बदलू शकते, तरी रोज एक-दोन चमचे जवसाची चटणी खाण्याजोगी आहे. जवस अख्खे गिळू नये, ते तसेच बाहेर पडते. मंद भाजून, कुटून घ्यावे, आणि चटणी महिन्याची न करता आठ दिवसांचीच करून झाकणाच्या बरणीत ठेवावी, कारण कुटलेल्या जवसाचे तेलही तारलीच्या तेलासारखेच लवकर खवट होते.